व्यायाम सुटतोच हो, तो परत सुरू कसा करायचा ते शिका

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक योगा मॅट आहे, दोन किलोचा एक डंबेल आहे (जोडी घेतली होती, दुसरा कुठे गेला देव जाणे), उड्या मारायची एक दोरी होती तिच्यावर सध्या पावसाळ्यात रुमाल वाळतात, आणि तीन वेगवेगळ्या जिमची कार्डं आहेत. गेल्या बारा वर्षांत मी व्यायाम किती वेळा "सुरू" केला त्याचा हा सगळा पुरावा. एका जिमने जानेवारीत वर्षाचं पॅकेज १४,००० वरून ९,००० ला दिलं, मी खूश, आणि गेले मोजून सव्वीस दिवस, म्हणजे दिवसाला साडेतीनशे रुपये पडले. तेवढ्यात रोज मिसळ, वर चहा आणि येताना रिक्षा झाली असती.

आता साडेतीन वर्षं झाली, माझं चालणं आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं टिकलंय. टिकलंय म्हणजे रोज करते असं नाही हां, या साडेतीन वर्षांत ते नऊ-दहा वेळा तरी सुटलंय. आधी सुटलं की आठ महिने सुटायचं, आता आठ-दहा दिवसांत परत रुळावर येतं, एवढाच काय तो बदल. मी ट्रेनर नाही, डॉक्टर नाही, डोंबिवलीहून फोर्टला लोकलने जाणारी सेहेचाळीस वर्षांची बँकेतली बाई आहे. पण सुटून परत येण्यात आता माझा हात चांगला बसलाय, आणि मला वाटतं फिटनेसमधलं खरं शिकायचं काम हेच आहे, फक्त ते कुणी शिकवत नाही, सगळे सुरू कसं करायचं तेच सांगतात. सुरू करायला काय, मी तर दर एक तारखेला करायचे.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसा

हे खरंच करा, नुसतं वाचून सोडू नका. पेन घ्या आणि वर्षातले जे आठवडे तुमच्या हातात नसतात ते खुणा करत चला. माझे सांगते. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात कुणाची ना कुणाची परीक्षा, त्यात बँकेत मार्च एंडिंग. एप्रिल-मे लग्नं, गावाला जाणं, आमरस, आणि तो घाम. जून-जुलैत पाऊस, ट्रेन बंद, घरी पोचायला दहा वाजतात. मग गणपती, आमच्याकडे गौरी पण असतात म्हणजे आधीची साफसफाई धरून पंधरा दिवस गेले. नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की परत माणसांची लग्नं. डिसेंबरमध्ये शाळेचं गॅदरिंग आणि अमेरिकेची नणंद.

मी मोजलं तर वर्षात "नॉर्मल" म्हणावेत असे आठवडे निघाले बावीस. बावन्नातले बावीस! आणि मी बारा वर्षं "हे एकदा उरकलं ना की मग नीट सुरू करते" म्हणत होते. ते उरकत नाही हो. एक उरकलं की दुसरं दारात उभंच असतं. गणपतीत व्यायाम बुडला म्हणून मला स्वतःचा राग यायचा, जणू गणपती दर वर्षी न कळवताच येतात.

हे कागदावर दिसलं आणि डोक्यातून निम्मं ओझं उतरलं. खंड पडतो तो माझ्या स्वभावात खोट आहे म्हणून पडत नाही, आपलं वर्षच तसं आहे. मग प्लॅन त्या वर्षाला धरून करायचा.

पंगत, डबा आणि चहा-बिस्किट

माझ्याकडे व्यायामाचे तीन साइझ आहेत. नावं माझीच, हसू नका.

पंगत म्हणजे सगळं साग्रसंगीत. पाऊण तास, एकतर भागशाळा मैदानाला फेऱ्या, नाहीतर स्टेशनजवळच्या साध्याशा जिममध्ये वजनं, कपडे-बूट-पाण्याची बाटली सगळं.

डबा म्हणजे वीस मिनिटं. ऑफिसातून येताना एक रिक्षास्टॉप अलीकडे उतरून चालत येणं, किंवा घरात मॅट टाकून बारा सूर्यनमस्कार आणि थोडं पाठीचं. डब्यातलं जेवण पंगतीइतकं नसतं पण पोट भरतं की.

आणि चहा-बिस्किट म्हणजे पाच-सात मिनिटं. कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत ओट्याला हात टेकवून पुशअप्स, मग खुर्चीवरून हात न लावता उठबस पंधरा वेळा. घामसुद्धा येत नाही धड. पण त्या दिवशी वहीत खूण करायची, कारण तुम्ही हजर होता.

नॉर्मल बावीस आठवडे मी पंगत आणि डबा आलटून पालटून करते. बाकी तीस आठवड्यांत डबा मिळाला तर उत्तम, नाहीतर चहा-बिस्किट. गौरी जेवणाच्या दिवशी तर तेही नाही, पंचवीस माणसांचं वाढणं हाच व्यायाम, आणि हे मी सबब म्हणून सांगत नाहीये, खरंच पाय बोलतात.

आता कुणी म्हणेल पाच मिनिटांनी काय होणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या गाइडलाइनमध्ये पण अट होती की सलग दहा मिनिटं केलं तरच धरायचं. २०२० मध्ये त्यांनी नवीन काढली त्यात ती अट काढून टाकली, कितीही थोडी हालचाल असली तरी ती मोजायची असं आलं. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायचा व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढी धाप. १५० मिनिटं हा आकडा आठवड्याचा आहे हे फार महत्त्वाचं, रोजचा नाही. मंगळवार बुडाला तर शनिवारी भरून निघतो. आम्ही बायका महिन्याचं बजेट असंच चालवतो ना, एका आठवड्यात गॅस आणि फी एकदम आली म्हणून संसार मोडत नाही.

ते दोन दिवस ताकदीचे मात्र सोडू नका, विशेषतः बायकांनी. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर वेग वाढतो. माझ्या सासूबाई रोज देवळात चालत जातात, चालायला काही अडचण नाही, पण खाली बसल्या की उठताना दोन माणसं लागतात. मी वजनं उचलायला सुरुवात केली ती त्यांच्याकडे बघून, बारीक होण्यासाठी नाही. आणि हे कारण साडेतीन वर्षं पुरलंय, "भाचीच्या लग्नाआधी पाच किलो" हे कारण भाचीच्या लग्नापर्यंतच पुरलं होतं.

हां, आणि जिमचे पैसे महिन्याचे भरा. वर्षाचे भरून मी जास्त जाईन ही समजूत मी तीनदा विकत घेतलीये.

वजनकाट्याचं काय करायचं

माझा काटा बाथरूममध्ये होता. रोज सकाळी आंघोळीआधी त्यावर उभी राहायचे आणि आजचा दिवस चांगला जाणार की वाईट ते तो ठरवायचा. अर्धा किलो कमी म्हणजे गाणं गुणगुणत ट्रेन पकडायची, एक किलो जास्त म्हणजे लेकावर ओरडायचं. बिचाऱ्याला कळायचंच नाही काय चुकलं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी एकदा दीड किलो जास्त दाखवला. मी जवळजवळ रडले. मग नवरा (तो हिशोबाचा माणूस) म्हणाला थांब आपण मोजू. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तूप लावलेली एक पुरणपोळी ३५० कॅलरीची धरली तर बावीस पोळ्या होतात, त्या पण रोजच्या जेवणाच्या वर. दीड किलोसाठी तेहतीस. "तू तेहतीस खाल्ल्यास का?" म्हणाला. तीन खाल्ल्या होत्या. कटाच्या आमटीबरोबर.

मग ते वजन कसलं? पाणी. मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, गोड आणि पोळी-भात जास्त खाल्ला की तो साठवताना प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरतं, पाळीच्या आधी धरतं, नवीन व्यायामाने स्नायू दुखत असले तरी धरतं. एका दिवसात किलो-दोन किलो इकडेतिकडे होणं म्हणजे काहीच नाही. आणि सगळ्यात वाईट काय, माणूस व्यायाम सुरू करतो, पहिल्या आठवड्यात या पाण्याने वजन वाढतं, आणि तो म्हणतो मला सूट होत नाही.

काटा फेकून द्या असं मी सांगणार नाही, मी महिन्यातून एकदा बघते. पण त्याच्याबरोबर बाकीच्या गोष्टी बघायला लागले आणि मन शांत झालं. शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा, आपल्या भारतीय अंगकाठीला पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही सीमारेषा धरतात. स्टेशनचा जिना एका दमात चढता येतो का आणि वर गेल्यावर फोनवर बोलता येतं का. जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का. शुगर असेल किंवा घरात असेल तर एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी, तिच्यात साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी दिसते त्यामुळे कालच्या श्रीखंडाला ती घाबरत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे सीमेवर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा अभ्यास आला त्यात देशात दहा कोटींच्या वर लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक सीमेवर आहेत असं दिसलं, म्हणजे तुमच्या लोकलच्या डब्यात तुमच्या आजूबाजूला आहेतच, कदाचित तुम्हीही. माझी ५.९ होती. आता ५.५ आहे. वजन मात्र त्यात फक्त तीन किलो कमी झालंय, नुसता काटा बघत बसले असते तर कधीच सोडून दिलं असतं.

जेवणाची शिक्षा म्हणून व्यायाम नको

"काल दोन गुलाबजाम खाल्ले, आज जाळायला पाहिजेत." हे वाक्य मी हजार वेळा बोललेय. बोलताना काही वाटत नाही पण याने होतं काय की व्यायाम ही शिक्षा होऊन बसते, आणि शिक्षा टाळायला माणूस काय काय करतो ते शाळेत आपण सगळ्यांनी केलंय. बरं हे गणित जमत पण नाही, अर्धा तास चालून दीडशेच्या आसपास कॅलरी जातात, तो एक गुलाबजाम. रोज जाळत बसाल तर ऑफिस सोडून द्यावं लागेल.

दुसरं टोक उपासाचं. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट, वर बटाटा, आणि मनात भावना की आज मी काही खाल्लं नाही. मला खिचडी प्रचंड आवडते, चतुर्थी सोडणार नाही. फक्त ती वजन कमी करायला करते असं स्वतःला सांगणं बंद केलं. देवासाठी आहे ना, मग देवासाठी खा.

मी भाषा बदलली एवढंच. "पाप केलं", "चीट केलं", "कंट्रोल सुटला" हे शब्द बंद. जेवले म्हणायचं. आणि व्यायाम का केला असं कुणी विचारलं तर "झोप छान लागते" म्हणायचं, जे खरंच आहे. पहिले पंधरा दिवस मला वजनात-कंबरेत काही फरक दिसला नाही, पण झोप चौथ्या-पाचव्या दिवशीच सुधारली आणि चिडचिड कमी झाली (हे लेकाने सांगितलं). लवकर मिळणारं असं काहीतरी शोधून ठेवा तुमच्यासाठी, कारण आरोग्य वगैरे फार लांबचं आहे, त्याच्या भरवशावर पहाटे साडेपाचला पांघरूण निघत नाही.

एकवीस दिवस आणि दहा हजार पावलं

हे दोन आकडे डोक्यातून काढून टाका, माझी फार वर्षं यांनी खाल्ली.

एकवीस दिवसांत सवय लागते हे १९६० च्या सुमाराला एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं त्यावरून पसरलं. त्याने बघितलं होतं की पेशंटला आपल्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस तरी लागतात. नाकाच्या ऑपरेशनचा आणि माझ्या मॉर्निंग वॉकचा काय संबंध? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी नंतर ९६ लोकांवर हे नीट बघितलं, तो अभ्यास २०१० चा. सवय आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरक एवढा की कुणाला १८ तर कुणाला २५४ निघाले. पाणी प्यायची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. आणि त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. बावीसाव्या दिवशी उठायला जिवावर आलं म्हणून मी स्वतःला नापास करून टाकायचे, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर.

दहा हजार पावलांचं तर अजून मजेशीर. १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये चालण्याची हवा आली, आणि १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कंबरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा आला जाहिरातीतून. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास आला त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे अजून चालून फारसा फरक दिसला नाही. म्हणजे रात्री साडेअकराला हॉलमध्ये सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालून ९,२०० चे १०,००० करणारे जे लोक आहेत (आमच्याकडे एक आहेत, नाव घेत नाही, उखाण्यात घेते), त्यांनी झोपलं तरी चालेल.

या आकड्यांच्या जागी मी जर-तर लिहून ठेवते. जर सहाचा गजर झाला आणि पाऊस असेल, तर मॅट. जर साडेसातची गाडी चुकली आणि घरी यायला नऊ वाजले, तर कुकरचा व्यायाम. जर लग्नाला बाहेरगावी, तर सकाळच्या नाश्त्याआधी कार्यालयाच्या बाहेर पंधरा मिनिटं चालून यायचं, सोबत एखादी मावशी मिळतेच आणि गॉसिप पण कळतं. आधी ठरलेलं असलं की त्या वेळी स्वतःशी वाद घालावा लागत नाही. सकाळी सहाला मी स्वतःशी वाद घातला तर मीच हरते.

आळस म्हणताय तो आळसच आहे ना, तपासा

हा भाग छोटा आहे पण उडवू नका. चार वर्षांपूर्वी मला जिना चढवेना, दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोप यायची, आणि मी सहा महिने "माझ्यात विलपॉवरच नाही" म्हणत बसले होते. हिमोग्लोबिन निघालं ९.१. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालंय, निम्म्याहून जास्त, आणि आपण सगळ्या एकमेकींना मोटिवेशनचे व्हिडिओ पाठवतोय.

तर व्यायाम सुरू करायच्या आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व, शुगर आणि बीपी हे एकदा डॉक्टरांना विचारून करून घ्या. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा पिऊन घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर बरी. छातीत दुखणं, चालताना डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीपेक्षा वेगळी धाप हे झालं तर थांबायचं आणि दाखवायचं, त्यात मन खंबीर वगैरे करायचं नाही. आणि महिनोन् महिने कशातच मन लागत नसेल, किंवा उलट खाण्याचा आणि व्यायामाचाच विचार डोक्यातून जात नसेल, एक दिवस चुकला तर जीव कासावीस होत असेल, तर त्यासाठीही डॉक्टर असतात.

लोक बोलणार

"अगं किती जाड झालीस" आणि सहा महिन्यांनी त्याच काकू "किती वाळलीस, बरं नाही का?" यांच्यासाठी मी एकच उत्तर ठेवलंय, "हो का? तुम्ही कशा आहात काकू, गुडघा काय म्हणतो?" गुडघा सुरू झाला की आपण सुटलो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी आठ किलोमीटरचे स्क्रीनशॉट टाकणारे गृहस्थ असतात, त्यांना म्यूट करा, त्यांच्यावर राग नाही पण सकाळी सव्वासहाला ते बघून मला फक्त परत झोपावंसं वाटायचं. त्यापेक्षा एक माणूस असा धरा जो तुम्ही चार दिवस दिसला नाहीत तर "कुठे होतात" विचारेल, आणि परत दिसलात की त्यावर काही बोलणार नाही. माझ्यासाठी मैदानावरचे एक निवृत्त सर आहेत. गणपतीनंतर गेले तर म्हणाले, "मोदक चांगले झाले होते का?" बस.

विसाव्याबद्दल एक सांगायचं राहिलं. माझी आत्या साताऱ्याकडची, वयाच्या सत्तरीपर्यंत आळंदी ते पंढरपूर वारी चालली. मी एकदा विचारलं, आत्या तू तयारी काय करतेस. म्हणाली, "तयारी कसली गं, रोज चालतोच की आपण." पण तिने दुसरंही सांगितलं जे मला खूप नंतर समजलं. माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला जाते, तो टप्पा सगळ्यात दमवणारा, आणि त्याच्या पुढे सासवडला दोन मुक्काम असतात. म्हणजे थकून पडलं म्हणून थांबणं नाही, थांबायचं आधीपासून ठरलेलंच आहे. वाटेत विसाव्याला टेकलेल्या वारकऱ्याला कुणी म्हणत नाही की तुझी वारी तुटली. मी मार्च एंडिंगनंतरचे चार दिवस आता असेच आधी लिहून ठेवते, त्या चौकोनात "सासवड" लिहिलेलं असतं, नवऱ्याला सुरुवातीला वाटलं कुठे जायचंय.

परत यायचा आठवडा

आता मुख्य काम. समजा दिवाळी झाली, पंचवीस दिवस बूट घातले नाहीत. इथे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक म्हणजे "आता एक जानेवारीपासून", आणि दुसरी म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं भरून काढायला जातात. दुसरी मी केलीये, थेट जुन्याच वजनाने पन्नास स्क्वॉट मारले आणि दोन दिवस लोकलमध्ये सीटवर बसता येईना आणि बसलं तर उठता येईना. असलं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं, म्हणजे नेमकं जेव्हा दुसऱ्यांदा जायचं असतं तेव्हाच.

खरं तर पंचवीस दिवसांत वाटतं तेवढं जात नाही. दम दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला लागतो, ताकद त्यापेक्षा जास्त टिकते, आणि एकदा कमावलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते. त्यामुळे पहिला आठवडा मुद्दाम सोपा ठेवायचा, इतका सोपा की "एवढंच?" वाटलं पाहिजे.

वार कुठलाही असू दे, सोमवारची वाट बघू नका. पण समजा सोमवारच आहे. तर पंधरा मिनिटं चालायचं, सावकाश, घड्याळात वेग बघायचा नाही. मंगळवारी कुकरचा व्यायाम. बुधवारी वजनं, आधीच्या निम्मी, प्रत्येक प्रकाराचा एकच सेट, आणि मन म्हणेल अजून एक तर नाही म्हणायचं. गुरुवारी अंग बोलत असेल तर नुसतं चालणं. शुक्रवारी डबा साइझ. शनिवारी वीस-पंचवीस मिनिटं चालणं, जमलं तर कुणाला तरी सोबत घेऊन. पुढच्या आठवड्यात वजनं पाऊणपट, तिसऱ्यात नेहमीची. आठवड्याभराचाच खंड असेल तर एवढं करायची गरज नाही, थोडं हलकं घेऊन सुरू करा. आणि ताप, डेंग्यू, चिकनगुनिया असलं काही झालेलं असेल तर हे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच.

वहीत मागचे पंचवीस रिकामे चौकोन दिसतील, ते मोजत बसायचे नाहीत. मी सरळ पान उलटते आणि नवीन पानावर लिहिते. एक पान वाया जातं, जाऊ दे.

रविवारी काही नाही. मॅट गॅलरीत उन्हात टाकायची, कोंदट वास येत असतो इतके दिवस गुंडाळून ठेवली की. डंबेल पुसून ठेवायचा. दुसरा अजून सापडलेला नाही, पण दोन लिटरची पाण्याची बाटली भरली की बरोबर दोन किलो होते, चालतं.